टी-टॉप आणि टार्गा छतातून पाणी गळतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे अमेरिकेत जुन्या स्पोर्ट्स कार सांभाळणारी आपली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी मला हमखास दोन-तीन मेसेज येतात, "अरे, छतातून पाणी येतंय, काय करू?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझी स्वतःची गाडी १९७९ ची शेवरोले कॉर्वेट आहे, तिसऱ्या पिढीची म्हणजे सी-थ्री, काचेच्या टी-टॉप पॅनेल्सची, त्यामुळे उदाहरणं जास्त करून तिचीच येतील, पण पद्धत फायरबर्ड, कॅमेरो, टोयोटा एमआर-टू, होंडा डेल सोल सगळ्यांना लागू पडते.

१. टी-टॉप आणि टार्गा यात फरक काय? माझ्या गाडीला नक्की काय आहे?

छताचा एकच अखंड तुकडा निघत असेल आणि मागे जाड कमान राहत असेल तर टार्गा. हे नाव पोर्शने १९६५ मधे ९११ टार्गा दाखवली तेव्हापासून रुळलं, सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून घेतलेलं. मधे विंडशील्डपासून मागच्या कमानीपर्यंत एक दांडा असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅनेल निघत असेल तर टी-टॉप, वरून बघितलं की इंग्रजी टी दिसतो. १९६८ च्या कॉर्वेटमधे हा दांडा घातला कारण त्याच्याशिवाय बॉडी पिळवटत होती आणि कुरकुरत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गळतीच्या हिशोबाने फरक इतकाच की टी-टॉपमधे सांधे जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाण्याला वाटाही दुप्पट.

२. अशी छतं गळणारच, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. हे ऐकून ऐकून लोक प्रयत्नच सोडतात आणि मग गाडी आतून कुजते, मला त्याचं फार वाईट वाटतं. नीट बसवलेलं छत साध्या पावसात कोरडं राहतं, माझं राहतं. मात्र चाळीस वर्षांचं रबर, चार वेळा काढून घातलेली पॅनेल्स आणि ढिले झालेले लॅच (पॅनेल आवळून धरणाऱ्या कड्या) यांच्याकडून आपोआप काही होणार नाही, मेहनत घ्यावी लागते. प्रेशर वॉशरची गोष्ट वेगळी, ती प्रश्न १२ मधे.

३. पाणी नक्की कुठून आत येतंय हे शोधायचं कसं?

या अख्ख्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. कोकणातल्या कौलारू घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको, कौल एकीकडे फुटलेलं असतं, पाणी वाशावरून वाहत जातं आणि टपकतं भलतीकडेच, आणि आपण बादली तिथे ठेवतो. गाडीतही सेम. थेंब पडतो त्या जागेच्या वर आणि बहुतेक वेळा पुढे भोक शोधायचं.

दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. काचा पूर्ण वर, दारं बंद. नळीचं नोझल काढून टाका, पाणी नुसतं ओघळलं पाहिजे, फवारा नको. आणि खालून वर जायचं: आधी विंडशील्डचा खालचा भाग, मग दाराच्या काचेची खालची कड, मग काचेचा मागचा वरचा कोपरा, मग पुढचा कोपरा, मग विंडशील्डच्या वरची पट्टी आणि सगळ्यात शेवटी मधला दांडा. प्रत्येक जागी कमीत कमी तीन-चार मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळणार आणि काहीच कळणार नाही.

माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर थेंब पडायचा आणि मी महिनाभर दाराच्या काचेमागे लागलो होतो. मग एका शनिवारी बायको आत टॉर्च घेऊन बसली, मी नळी धरली, आणि दहाव्या मिनिटाला ती म्हणाली थांब, स्क्रूवर काहीतरी चमकतंय. विंडशील्डच्या वरच्या पट्टीत बीडिंग (कडेचं रबर) धरून ठेवणारी धातूची पट्टी असते, तिच्या एका स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचा मणी फुगत होता, फुगून तो ट्रिमच्या (आतल्या झाकणपट्टीच्या) आत शिरायचा, तिथून ए-पिलरवरून, म्हणजे विंडशील्डच्या बाजूच्या खांबावरून, खाली आणि मग गुडघ्यावर. काचेचा काही संबंधच नव्हता. त्याचा इलाज प्रश्न ८ मधे.

नळी नसेल किंवा खात्री करायची असेल तर अजून दोन युक्त्या. एक डॉलरची नोट बीडिंग आणि पॅनेलच्या मधे ठेवून लॅच लावा आणि ओढा, थोडी अडकत आली पाहिजे, सरकन निघाली तर तिथे दाब नाही, असं दर दोन इंचांवर सगळीकडे करत जा. दुसरं म्हणजे पॅनेलच्या कडेला खडू घासा, बंद करा, उघडा आणि रबरावर खडूची रेघ कुठे तुटली ते बघा.

४. बीडिंग म्हणजे वेदरस्ट्रिपच ना? कुठे कुठे असतं?

हो, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला बीडिंग म्हणतात तेच. टी-टॉपला विंडशील्डच्या वर, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना, मागच्या कमानीवर आणि शिवाय ए-पिलरवर दाराच्या काचेसाठी. काही गाड्यांत पॅनेललाच रबर चिकटवलेलं असतं. जिथे दोन तुकडे एकमेकांना भेटतात ते कोपरे, गळती बहुतेक तिथेच.

५. छत कोरडं आहे पण पायाखालचं कार्पेट ओलं. हे पण छताचंच का?

बरेचदा नाही. आधी हे बघा की पाऊस नसतानाही ओलं होतं का. एसी लावल्यावर पॅसेंजरच्या पायाशी ओल आली तर एसीचा ड्रेन तुंबलाय, फायरवॉलजवळची (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळची) छोटी नळी असते, साफ केली की झालं. पाणी बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेवर आतून तेलकट धुरकट थर आला तर हीटर कोअरमधून (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून) कूलंट येतंय, तो वेगळाच विषय आणि तो लगेच हातात घ्या. पाऊस पडल्यावरच ओलं होत असेल तर विंडशील्डचं रबर आणि वायपरखालची जागा, तिथे पानं साचतात आणि पाणी आत वळतं. प्रश्न ३ मधे खालून वर जायला सांगितलं ते यासाठीच.

६. जुनं रबर वाचवता येतं की बदलायलाच लागेल?

अंगठ्याने दाबा. दाबलं गेलं आणि परत फुगलं तर जिवंत आहे. दाबलेलं तसंच राहिलं, किंवा वर कायमची चपटी खाच पडलीय, किंवा भेगा आहेत, तर बदला. रबर वर्षानुवर्षं दाबून राहिलं की त्याची परत वर यायची ताकद जाते, मग वरून काहीही चोपडलं तरी ती येत नाही. जिवंत असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

व्हॅसलीन लावू का हे प्रत्येक जण विचारतो. नका लावू, डब्ल्यूडी-फोर्टी पण नको. ही बीडिंग्ज बहुतेक ईपीडीएम रबराची असतात आणि पेट्रोलियमच्या पदार्थांनी ते फुगतं आणि मऊ पडतं, पहिले काही दिवस छान वाटतं आणि मग कायमचं बिघडतं. आणि गाडी रंगवायला द्यायची असेल तर सिलिकॉनसुद्धा त्याआधी लावू नका, रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

७. नवीन बीडिंगचा पूर्ण सेट घातला, काहीशे डॉलर गेले, तरी गळतंय. आता?

सगळ्यात जास्त निराश होऊन लोक हाच प्रश्न विचारतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत बसवताना रबर ताणलं गेलेलं असतं. कोपऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून ओढायचं आणि चिकटवायचं, मग काही आठवड्यांत ते आकसून मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यात फट पडते. उलट करायला हवं, रबर थोडं दाबत, गोळा करत बसवायचं. आधी गोंद न लावता पूर्ण बसवून बघा, मास्किंग टेपने जागोजागी खुणा करा, आणि मगच गोंद. वेदरस्ट्रिप अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला जरा चिकचिकीत लागेपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं, ओलं असतानाच चिकटवलं तर सरकत राहतं. कडाक्याच्या थंडीत हे काम करू नका, रबर कडक असतं आणि गोंद धरत नाही.

दुसरं कारण म्हणजे चुकीचा पार्ट. उदाहरणार्थ फायरबर्ड, १९७६ च्या ट्रान्स अ‍ॅम लिमिटेड एडिशनपासून हर्स्ट कंपनीचे हॅच (टी-टॉपची काचेची पॅनेल्स) आले आणि १९७८ मधे फिशर कंपनीचे, फिशरची काच मोठी, रबरं वेगळी, आणि १९७८ सालच्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात. नुसतं साल सांगून ऑर्डर दिली तर फसाल, काच मोजून द्या.

तिसरं म्हणजे नवीन रबर जाड आणि ताठ असतं, त्यामुळे पॅनेल नीट खाली बसतच नाही. जबरदस्तीने लॅच लावू नका, आधी लॅच एक-दोन फेरे सैल करा, पॅनेल लावून गाडी काही दिवस उन्हात ठेवा, रबर स्वतःचा आकार घेतं, मग लॅच परत आवळा. दार बंद करतानासुद्धा सुरुवातीला काच थोडी खाली घेऊन बंद करा.

८. बीडिंगच्या खालून पाणी येतंय असं दिसतंय. ते कसं बंद करायचं?

कंपनीतून गाडी निघते तेव्हा बीडिंग धरणाऱ्या धातूच्या पट्टीखाली एक सीलंटचा थर असतो, तो वाळून त्याचे पोपडे होतात, मग पाणी पट्टीखालून सरकतं आणि स्क्रूच्या भोकांतून आत. वरचं रबर कितीही नवीन घाला, ही वाट उघडीच राहते, आणि किट बदलूनही न थांबलेल्या गळत्यांमधे मला स्वतःला हेच सगळ्यात जास्त वेळा सापडलंय.

बीडिंग काढा, पट्टी काढा, आणि स्क्रू कुठला कुठून काढला हे पुठ्ठ्यावर गाडीचा आकार काढून त्यात टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असू शकते. जुनं सगळं प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. खाली गंज असेल तर तो घासून प्रायमर मारा, त्यावर तसंच सीलंट घालू नका. मग ब्युटाइल टेपची (चिकट, मऊ रबरी सीलंटच्या टेपची) एक सलग पट्टी, मधे कुठेही सांधा न ठेवता, आणि प्रत्येक स्क्रूच्या गळ्याभोवती ब्युटाइलची बारीक वळी गुंडाळून स्क्रू आवळा. ब्युटाइल कधी पूर्ण कडक होत नाही, बॉडी हलली तर त्याच्याबरोबर हलतं, म्हणून ते. माझा गुडघ्यावरचा थेंब एवढ्याने थांबला.

९. सरळ सिलिकॉन भरून टाकलं तर काय बिघडतं?

बिघडतं. साध्या सिलिकॉनमधून वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते अ‍ॅसिड असतं आणि उघड्या लोखंडाला गंज लावतं. शिवाय सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागेवर पुढे गोंद, रंग काही धरत नाही. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने एका गॅरेजमधून हेच करून घेतलं होतं, पाणी बाहेर थांबण्याऐवजी आतल्या पोकळीत अडकून राहिलं, आणि ते सगळं खरवडून काढायला माझे सलग दोन वीकेंड गेले. भोक सापडल्याशिवाय ट्यूब उघडू नका, प्लीज.

१०. पॅनेल, लॅच, दाराची काच, आधी काय अ‍ॅडजस्ट करायचं?

क्रम चुकला की गोल गोल फिरत बसाल. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर. जॅकवर असताना अ‍ॅडजस्ट केलेलं सगळं खाली उतरवल्यावर बदलतं, प्रश्न १ मधलं बॉडीचं पिळवटणं आठवा. आधी दार बिजागरीवर नीट बसलंय का ते बघा, लोंबत असेल तर बाकी सगळं फुकट. मग पॅनेल, ते चारही कडांना सारखं बसलं पाहिजे, मग लॅच, आणि काच सगळ्यात शेवटी.

या गाड्यांच्या दाराला वर फ्रेम नसते, काच नुसती येऊन रबरावर टेकते. त्यामुळे ती किती वर येते, वरची कड किती आत झुकते आणि पुढे-मागे कुठे आहे, या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या. दाराचं आतलं पॅनेल काढलं की बोल्ट दिसतात. एका वेळी एकच बोल्ट, आणि हलवायच्या आधी मार्करने खूण. काच जास्त आत घेतलीत तर दार लावताना ती रबराला खेचते आणि महिनाभरात फाडते, म्हणून नोटेची टेस्ट परत करा.

आणि हे सगळं बरोबर करूनही डावी-उजवी फट वेगळीच येत असेल तर खाली वाका. बॉडी आणि चासीच्या मधले माउंट बघा. सी-थ्रीमधे १९७३ पासून ते रबराचे आहेत, ते बसले की बॉडी एका कोपऱ्यात खाली जाते आणि छतापर्यंत सगळं वाकडं होतं.

११. उभी असताना नळीने टेस्ट केली, एक थेंब नाही, पण हायवेवर पावसात गळतं. असं कसं?

वेगात असताना छतावरून हवा जोरात जाते आणि वरचा दाब कमी होतो, पॅनेल किंचित बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, काचेची वरची कडसुद्धा. उभ्या गाडीत जेमतेम टेकलेलं रबर तिथे सुटतं. आधी शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐका, जिथे हवा तिथे पाणी. टेस्टसाठी गाडी उभी करून काचा वर, ब्लोअर फुल आणि बाहेरची हवा आत घेणारं सेटिंग, मग बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, जिथे बुडबुडे येतील तिथे फट. टायरचं पंक्चर शोधतात तसंच.

फक्त ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर भसकन पाणी येत असेल तर मात्र ती फट नसते, कुठेतरी पन्हळीत पाणी साठून राहिलंय. तिथे ड्रेनची वाट मोकळी करा, प्रश्न १५ मधे सांगितलंय तशी.

१२. कार वॉशमधे नेली तर चालेल?

ऑटोमॅटिक आणि प्रेशर वॉशर दोन्ही नको. पाऊस वरून पडतो, प्रेशर वॉशरचं पाणी वाकडं आणि जोरात रबराच्या ओठाखाली घुसतं. बादली, मऊ फडकं, हलकी नळी.

१३. पॅनेल्स काढल्यावर कुठे आणि कशी ठेवायची?

पिशवीत, आडवी, आणि कडेच्या रबरावर उभी अजिबात नाही. लॅचच्या जागेत वाळू शिरू देऊ नका. डावं-उजवं प्रत्येकाची जागा ठरलेली. दुसऱ्या गाडीचं सेकंडहँड पॅनेल घेताना आधी बसवून बघा, दिसायला तेच असलं तरी कडा जुळतीलच असं नाही. सी-फोर, म्हणजे चौथ्या पिढीच्या कॉर्वेटसारखं बोल्टने आवळायचं छत असेल तर विंडशील्डकडचे दोन आणि मागचे दोन, चारही बोल्ट आधी हाताने धरा आणि मग थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून मोकळे होऊ नका.

१४. आत पाणी शिरून गेलंय, कुबट वास येतोय. वाळवायचं कसं?

कार्पेट वरून कोरडं लागतं म्हणून फसू नका, खालचा जाड थर पाणी धरून ठेवतो. सीट्स काढा, कार्पेट उचला, खालचं पॅडिंग बाहेर काढून उन्हात टाका, काळं पडलं असेल तर फेका. आत पंखा आणि डीह्युमिडिफायर दोन-तीन दिवस. सी-थ्रीवाल्यांनी सीटमागचा बॅटरीचा कप्पा उघडून बघाच, तिथे पाणी साचलं तर टर्मिनलं आणि आजूबाजूचं लोखंड दोन्ही खातं.

आणि फायबरग्लासची बॉडी आहे, गंज कुठून येणार असं समजू नका. आत बर्डकेज नावाचा लोखंडी सांगाडा आहे, विंडशील्डची चौकट त्याचाच भाग. ट्रिम काढून चौकटीचे कोपरे स्क्रूड्रायव्हरने हळूच टोचा. टोक आत गेलं तर बीडिंगची ऑर्डर थांबवा आणि आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा, कारण कुजलेल्या चौकटीवर कुठलंही रबर टिकत नाही.

१५. पुण्यात भावाच्या नव्या एसयूव्हीचा सनरूफ गळतोय. हेच सगळं त्याला सांगू का?

नाही, तिथलं गणित उलटं आहे. टी-टॉपमधे पाणी बाहेरच अडवायचं असतं. सनरूफमधे थोडं पाणी रबराच्या आत येणार हे धरूनच खाली पन्हळ केलेली असते आणि कोपऱ्यांतून नळ्या पिलरमधून खाली सोडलेल्या असतात. तिथे गळायला लागलं की नव्वद टक्के वेळा रबराला हात लावायची गरजच नसते, धूळ आणि झाडाची पानं अडकून नळी तुंबलेली असते, आणि हे पहिल्या मोठ्या पावसातच कळतं. गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉन दोरी घ्या, टोक जरा गोल करा आणि वरून हळू हळू सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या आत नळी जोडापासून निसटते आणि मग पूर्ण ट्रिम उतरवावी लागते. नंतर कपभर पाणी पन्हळीत ओता आणि गाडीखाली त्याच कोपऱ्यातून ते पडतंय का बघा. हे मे महिन्यातच करायला सांगा त्याला.